ते गाणे मंचावर पेलते का? प्रोग्रेसिव्ह रॉकच्या चाहत्यांनी हा वाद कसा घालावा

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, अनेक भागांच्या रचनांचे रॉक संगीत, मनापासून ऐकणारी चार माणसे एकत्र बसली की एक प्रश्न हमखास निघतो: अमुक गाणे लाइव्ह जमते का? यस या संचाचे ‘क्लोज टू द एज’ स्टुडिओतच शोभते, असे एकाचे म्हणणे असते; ज्याने ते मंचावर ऐकले नाही त्याने ते ऐकलेच नाही, असे दुसरा ठामपणे सांगतो. तासभर बोलून झाल्यावर लक्षात येते की दोघांच्या मनात दोन वेगळ्या वर्षांची आणि दोन वेगळ्या वादकसंचांची ध्वनिमुद्रणे होती. मी या वादात अनेक वर्षे हिरिरीने भाग घेत आलो आहे आणि तो मला कधीही व्यर्थ वाटलेला नाही. वीस-वीस मिनिटांची, वाटेत ताल बदलणारी, स्टुडिओत तुकड्यातुकड्याने घडवलेली रचना चार-पाच माणसांनी एका दमात उभी करायची, यात संगीताविषयीचे बरेच काही पणाला लागते. मात्र वादातून हाती काही लागायचे असेल, तर तो एका रीतीने घालावा लागतो, आणि ती रीत पुढे मांडत आहे.

आधी प्रयोग ठरवा

नाटकाच्या बाबतीत आपण संहिता आणि प्रयोग यांत गल्लत करत नाही. एखादा प्रयोग पडला म्हणून नाटक वाईट ठरत नाही, आणि एका नटाच्या जोरावर तरलेल्या प्रयोगामुळे संहितेतील उणिवा झाकल्या जात नाहीत. गाण्याच्या वादात मात्र हे भान सुटते. म्हणून पहिले काम असे, की कोणता प्रयोग चर्चेत आहे हे वर्ष आणि वादक यांच्यासह ठरवून घ्यावे. किंग क्रिमसन या संचाच्या ‘स्टारलेस’विषयी बोलताना १९७४ चा चौघांचा संच आणि २०१४ मध्ये मंचावर आलेला, तीन ड्रमर पुढच्या रांगेत बसवणारा सात जणांचा संच यांना एकाच निकालात बसवता येणार नाही.

दुसरे काम ‘जमते’ या शब्दाचे. या एका शब्दात तीन निराळे प्रश्न लपलेले असतात. वादकांना ते वाजवता येते का, हा पहिला. वाजवल्यावर ते गाणे ओळखीचे राहते का, हा दुसरा. आणि गाणे ठाऊक नसलेला श्रोताही त्यात धरून ठेवला जातो का, हा तिसरा. जेथ्रो टल या संचाचे ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हे १९७२ चे अल्बमभर पसरलेले एकच गाणे त्या वर्षीच्या दौऱ्यात संपूर्ण वाजवले जात होते. १९७८ च्या ‘बर्स्टिंग आउट’ या लाइव्ह अल्बमवर ते सुमारे बारा मिनिटांचे उरले. रश या संचाने ‘२११२’ची वीस मिनिटांची मालिका १९७६ च्या लाइव्ह अल्बमवर काही भाग गाळून दिली, आणि संपूर्ण मालिका मंचावर यायला १९९६-९७ चा दौरा उजाडावा लागला. छाटलेले रूप वाजवायला सोपे असते आणि श्रोत्याला पकडून ठेवते, त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात ते उत्तीर्ण होते. दुसऱ्या प्रश्नाचे काय, यावर खरा वाद व्हायला हवा. आणि तो ‘मला आवडले’, ‘मला नाही आवडले’ यावर न नेता ‘कोणता भाग गेला आणि त्यामुळे काय हरवले’ यावर नेला, तर पुढे सरकतो.

भार कशावर आहे ते शोधा

माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. प्रत्येक मोठ्या रचनेचा भार एखाद-दोन ठिकाणी पेललेला असतो. ते ठिकाण एखादा विशिष्ट ध्वनी असेल, एखादा गळा असेल, दोन वादकांमधला संवाद असेल, किंवा केवळ वेळ असेल, म्हणजे श्रोत्याने अमुक इतकी मिनिटे वाट पाहिली म्हणूनच पुढचा क्षण फळतो. तो भार मंचावर नेता आला तर बाकीच्या शंभर गोष्टी बदलल्या तरी गाणे उभे राहते. तो नेता आला नाही, तर प्रत्येक सूर जागच्या जागी असूनही गाणे पोकळ वाटते.

‘क्लोज टू द एज’ घ्या. १९७२ साली लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत हे अठरा-एकोणीस मिनिटांचे गाणे तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित करून फिती जोडून तयार झाले. पक्ष्यांच्या आणि पाण्याच्या आवाजातून ते उसळते, आणि साधारण साडेआठव्या मिनिटाला सगळी धावपळ थांबते. ड्रम नाहीत, पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा (रिफ) नाही. कीबोर्डचे संथ सूर थेंबाथेंबाने पडत राहतात आणि त्यांवर गळ्यांचे दोन पदर एकमेकांत गुंफले जातात. काही मिनिटांनी तिथे ऑर्गन उभा राहतो. हा ऑर्गन यसचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांनी लंडनमधील सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये वाजवून मुद्रित केला होता, आणि त्या ध्वनीत दगडी इमारतीची सगळी पोकळी आलेली आहे.

आता प्रश्न असा, की या गाण्याचा भार त्या ऑर्गनच्या आकारमानावर आहे, की धावपळ थांबून शांतता पसरते आणि पुन्हा गती येते, या आखणीवर? जो पहिले उत्तर देईल त्याला १९७३ च्या ‘यससॉंग्ज’ या लाइव्ह अल्बमवरील प्रयोग उणा वाटणारच, कारण तिथे वेकमन यांना तो भाग मंचावरच्या कीबोर्डांवर वाजवावा लागतो आणि चर्चची भव्यता तिथे येत नाही. मी दुसऱ्या उत्तराच्या बाजूचा आहे. ऑर्गन लहान झाला तरी शांततेतून गतीकडे जाण्याचा तो उंबरठा मला ‘यससॉंग्ज’वर अधिक धोक्याचा, म्हणून अधिक जिवंत वाटतो, कारण स्टुडिओत फीत जोडून ओलांडलेला उंबरठा इथे पाच माणसांना नजरानजर करून ओलांडावा लागतो. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अल्बमचे काम संपताच ड्रमर बिल ब्रुफर्ड संच सोडून गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइट यांना दौऱ्याच्या पहिल्या कार्यक्रमापूर्वी अवघे तीन दिवस मिळाले होते. ब्रुफर्ड यांचा स्नेअर ड्रम कोरडा आणि टणक, प्रत्येक घाव सुटा. व्हाइट यांचे वादन जाडसर आणि पुढे रेटणारे. मूळ गाण्यातील काटेकोरपणावर ज्याचा जीव आहे त्याला हा बदल खटकेल, आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण ती तक्रार ‘गाणे लाइव्ह जमत नाही’ अशी मांडू नये. ‘गाणे या ड्रमरच्या हाती निराळ्या अंगाने जाते’ असे म्हटले की चर्चा लगेच मुद्द्यावर येते.

पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’मध्ये भार वेगळ्या ठिकाणी आहे. सुरुवातीला पियानोचा एकच उंच सूर लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून थरथरत येतो, आणि कोणीही म्हणेल की गाणे या ध्वनीवर उभे आहे. मला तसे वाटत नाही. तो ध्वनी आज सहज पुन्हा निर्माण करता येतो. भार आहे तो कीबोर्डवादक रिचर्ड राइट आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मोर या दोघांवर. दोघे एकत्र गातात, आणि मधल्या संथ ठेक्यात ऑर्गन आणि गिटार एकमेकांना जागा देत बोलत राहतात. २००६ मध्ये गिल्मोर यांच्या दौऱ्यात राइट सोबत असताना हे गाणे वाजले आणि पोलंडमधील ग्दान्स्कच्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणावर ते ऐकायला मिळते. २००८ मध्ये राइट गेले, त्यानंतर गिल्मोर यांनी ते वाजवणे थांबवले. एक वादक निघून गेल्यावर गाणेच बाजूला ठेवावे लागते, यातून भार कुठे होता ते आपोआप कळते.

आधी काय होते: फीत की मंच?

वादात बहुतेक जण गृहीत धरतात की अल्बम हे मूळ आणि मैफल ही त्याची नक्कल. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘एकोज’ १९७१ च्या वसंतात, अल्बम येण्याच्या कित्येक महिने आधी, निराळ्या नावाने मंचावर वाजत होते. त्यातील समुद्रपक्ष्याच्या किंकाळीसारखा आवाज स्टुडिओतील करामत वाटतो, पण तो गिटारचा आवाज पायाने बदलणाऱ्या वाह पेडलला केबल उलट्या जोडल्याने निघतो आणि मंचावर आधीपासून वापरात होता. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. ती मालिका जानेवारी १९७२ पासून श्रोत्यांसमोर वाजवली जात होती. तिच्यातील ‘ऑन द रन’ हा भाग त्या काळात गिटारवर आधारलेला होता आणि सिंथेसायझरचे आजचे रूप त्याला नंतर मिळाले. किंग क्रिमसनच्या ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ या १९७४ च्या अल्बमचा मोठा भाग तर मैफिलींमध्येच मुद्रित होऊन, श्रोत्यांचा आवाज काढून टाकून तयार झालेला आहे. अनेकांनी तो स्टुडिओतला समजून वर्षानुवर्षे ऐकला.

म्हणून समोरच्याने ‘मूळ गाण्यासारखे वाजत नाही’ असे म्हटले की त्याला शांतपणे विचारावे, कोणते मूळ? उत्तर शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागते.

वाद्यांच्या मर्यादा समजून घ्या

मेलोट्रॉन हे फितींवर मुद्रित केलेले सूर वाजवणारे कीबोर्ड वाद्य. त्याची प्रत्येक पट्टी दाबली की तिच्याखालची फीत सरकू लागते आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. त्यापुढे सूर धरायचा असेल तर बोट उचलून पट्टी पुन्हा दाबावी लागते. शिवाय विजेच्या दाबातील चढउतारांनी तिचा सूर हलतो. १९७० च्या दशकातील लाइव्ह ध्वनिमुद्रणात मेलोट्रॉन किंचित बेसूर ऐकू आला तर तो वादकाचा दोष समजू नये.

जेनेसिस या संचाच्या ‘सपर्स रेडी’ची अडचण आणखी बोलकी आहे. जवळजवळ तेवीस मिनिटांच्या या सात भागांच्या रचनेची सुरुवात बारा तारांच्या गिटारांवर होते. मंचावर ही गिटारे सुरात आणायला इतका वेळ लागे, की तेवढ्या अवधीत श्रोत्यांना सांभाळण्यासाठी गायक पीटर गॅब्रिएल विचित्र गोष्टी सांगू लागले, आणि त्या गोष्टी पुढे मैफिलीचा भागच बनल्या. गाण्याच्या मध्यात फुलाचा मुखवटा, शेवटाकडे भौमितिक आकारांचे शिरस्त्राण, असा तो सारा प्रयोग होता. त्यामुळे ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात हे गाणे आणि गॅब्रिएल वेगळे होऊच शकत नाहीत.

मीही बरीच वर्षे याच मताचा होतो आणि गॅब्रिएल संच सोडून गेल्यावर फिल कॉलिन्स यांनी गायलेले, १९७७ च्या ‘सेकंड्स आउट’ या लाइव्ह अल्बमवरील ‘सपर्स रेडी’ मी कधी पूर्ण ऐकलेच नव्हते. पहिल्या भागातच फीत बंद करून मी त्यावर मते देत असे. एका मित्राने मला अंधारात बसवून ते शेवटपर्यंत ऐकवले. नऊ मात्रांच्या त्या प्रसिद्ध भागात बास आणि ड्रम आपल्या चक्रात अडून राहतात, टोनी बँक्स यांचा ऑर्गन त्या चक्राला जुमानत नाही आणि आपल्याच मात्रा मोजत वर चढत जातो, तो ताण असह्य होईपर्यंत वाढतो, आणि मग वीस मिनिटांपूर्वी सुरुवातीला ऐकलेली चाल विस्तारलेल्या, रुंद रूपात परत येते. तिथे मुखवटा नव्हता, ती गोष्ट सांगणारा माणूस नव्हता, आणि तरीही माझ्या घशात आवंढा आला. त्या रात्री मला कळले की या गाण्याचा भार त्या परतण्यावर आहे, आणि ते परतणे वेशभूषेशिवायही पेलते. गॅब्रिएल यांच्या प्रयोगात नाट्य अधिक होते, हे मी आजही मान्य करतो.

याच कसोटीवर जवळचे एक गाणे पाहता येते. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तील ऑपेराचा भाग गळ्यांच्या थरांवर थर चढवून केलेला आहे, आणि तो मंचावर गाण्याचा आग्रह न धरता संच तेवढ्यापुरता मंच रिकामा करून फीत वाजवत असे. काहींना ही कबुली वाटते, काहींना पळवाट. मला ती प्रामाणिक वाटते, कारण भार कुठला नेता येतो आणि कुठला येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

ऐकायचे कसे

एका बैठकीत अल्बमवरचे रूप आणि लाइव्ह रूप लागोपाठ ऐकू नये. पहिले ऐकून कान इतके भरलेले असतात की दुसऱ्यात फक्त फरक ऐकू येतात, गाणे ऐकू येत नाही. लाइव्ह रूप आधी ऐकावे, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा, मग अल्बम ऐकावा. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज दर वेळी अधिक चांगला भासतो आणि त्यावर दिलेला निकाल टिकत नाही. चित्रफीत असेल तरी पहिल्यांदा ती न पाहता ऐकावी. गाणे मध्येच पुढे सरकवू नये. ज्या गाण्याचा भार वाट पाहण्यावर आहे त्यातली वाटच कापली तर तपासायला काही उरत नाही.

सोबत वही ठेवावी आणि तीनच नोंदी कराव्यात: मन कोणत्या मिनिटाला भरकटले, अंगावर काटा कुठे आला, आणि ‘इथे काहीतरी कमी आहे’ असे कुठे वाटले. नंतर या नोंदी समोरच्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या की वाद निम्म्याने कमी होतो आणि उरलेला निम्मा पुष्कळ रंजक होतो.

लाइव्ह अल्बमवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही सांगायला हवे. किंग क्रिमसनच्या १९७५ च्या ‘यूएसए’ या लाइव्ह अल्बमवर एडी जॉब्सन यांचे व्हायोलिन आणि कीबोर्ड मैफिलीनंतर स्टुडिओत भरलेले आहे. असा अल्बम ऐकण्याजोगा नसतो असे नाही, पण ‘बघा, मंचावर कसे वाजते’ याचा पुरावा म्हणून तो पुढे करताना हे सांगणे आवश्यक आहे. जो स्वतः मैफिलीत हजर होता त्याचे म्हणणे आदराने ऐकावे, मात्र त्याला नेमके विचारावे: कुठे बसला होता, बास सुटा ऐकू येत होता का? मोठ्या, घुमणाऱ्या सभागृहात खालचे सूर एकमेकांत मिसळतात आणि विषम मात्रांच्या वेगवान जागा चिखल होऊन पोहोचतात. अशा वेळी ‘ते गाणे लाइव्ह जमत नाही’ या तक्रारीतील अर्धी तक्रार इमारतीविषयीची असते.

एका गाण्यावर ही रीत चालवून पाहू

‘स्टारलेस’ हे १९७४ च्या ‘रेड’ या अल्बमवरील बारा मिनिटांचे अखेरचे गाणे. जॉन वेटन यांचे गायन संपते आणि साडेचार मिनिटांच्या सुमारास बासवर तेरा मात्रांचे एक जड चक्र सुरू होते. त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारच्या दोन तारांवर एकच सूर ठोकत राहतात. बोटांवर तेरा मोजत बसा: काही आवर्तने गेली की सूर किंचित वर सरकतो, पुन्हा तिथेच ठोकत राहतो, पुन्हा थोडा वर. ड्रम सुरुवातीला जवळपास नाहीतच. हळूहळू एक-एक घाव येऊ लागतो. नवव्या मिनिटाच्या आसपास हे सगळे फुटते आणि सॅक्सोफोन वेगाने धावत सुटतो. भार कशावर आहे, याबद्दल इथे दुमत होण्याचे कारण मला दिसत नाही: त्या साडेचार मिनिटांच्या धीरावर.

आता प्रयोग पाहू. १९७४ मध्ये हे गाणे मंचावर वाजले तेव्हा संचात सॅक्सोफोन नव्हताच. सुरुवातीची करुण चाल डेव्हिड क्रॉस यांच्या व्हायोलिनवर येई. १९९२ च्या ‘द ग्रेट डिसीव्हर’ या संग्रहात हे रूप ऐकायला मिळते. अल्बमवर मेल कॉलिन्स आणि इयान मॅकडोनल्ड यांचे सॅक्सोफोन आले, पण अल्बम बाजारात येईपर्यंत संच विसर्जित झालेला होता. पुढे चाळीस वर्षांनी, २०१४ पासूनच्या मैफिलींत, मेल कॉलिन्स स्वतः मंचावर होते. म्हणजे गाण्याच्या जन्मकाळचा प्रयोग अल्बमपासून दूर आणि चार दशकांनंतरचा प्रयोग त्याच्या जवळ, अशी उलटी स्थिती आहे. त्या नंतरच्या मैफिलींत संपूर्ण वेळ प्रकाशयोजना साधी ठेवलेली असे आणि या गाण्याच्या त्या चढणीत मंच हळूहळू लाल होत जाई. श्रोत्याने धरलेल्या धीराला प्रकाशाने दिलेली ही साथ मला अतिशय योग्य वाटते, कारण ती भाराच्या जागीच दिलेली आहे.

माझा निकाल मी वहीत असा लिहिला आहे. १९७४ चे चौघांचे रूप उभे राहते. व्हायोलिनमुळे सुरुवात अधिक एकाकी होते, मधली चढण खडबडीत आहे पण तुटत नाही, आणि शेवटचा स्फोट सॅक्सोफोनअभावी अरुंद राहतो. २०१४ नंतरचे रूप अधिक भरगच्च आणि शेवटी अधिक रुंद आहे. जॅको जॅक्सझिक यांचे गायन स्वच्छ आहे, मात्र वेटन यांच्या गळ्यातील थकवा त्यात येत नाही. चढण दोन्हीकडे पूर्ण पेलली आहे. ज्याला हे पटत नसेल त्याने साडेचार ते नऊ या मिनिटांतील आपल्या नोंदी घेऊन यावे. आपण तिथूनच सुरुवात करू.